ओळीतली सोनकी

पाहणीला आलेल्या मॅडम फुलं बघायची सोडून ओळी बघायला लागल्या, तिथंच धर्माजीने ओळखलं, की आपलं बिंग फुटलं.

सड्यावर, म्हणजे डोंगराच्या सपाट कातळमाथ्यावर, माती होती ती एवढ्या एका खळग्यात. तिथं पिवळीधमक सोनकी डुलत होती. पण कशी, तर वीत वीत अंतरावर, सरळ रेषेत. लावणारी सगळी जन्मभर भाताची लावणी केलेली माणसं. त्यांना वाकडंतिकडं लावता येतंय कुठं?

"काका, ही सोनकी घाटमाथ्यावरची," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक झाडाची आपली उंची ठरलेली असते. तिकडं वर हिचे गालिचे पसरलेले दिसतात. पण इथं घाटाच्या पायथ्याला, इतक्या खाली, ती आपण होऊन उतरत नाही. कुणी आणली?"

 मुंबईच्या गोदीत नोकरी करून धर्माजी गावी परतला होता, त्यामुळे गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि ही अक्कलही त्याचीच. डोंगर दगडखाणीला जाणार हे कळल्यापासून गावाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. डोंगर फुटला की त्याच्या पोटातला झरा आटणार, आणि झऱ्यावरची विहीरही. अर्ज झाले, मोर्चा झाला, उपयोग शून्य. मग धर्माजीने कुठंतरी ऐकलं, की डोंगरावर दुर्मीळ वनस्पती सापडली तर खाण अडते. झालं. पाहणीला तज्ज्ञ बाई येणार म्हटल्यावर गावाने टेम्पो केला, घाट चढला आणि पाट्या भरभरून दुर्मीळ वनस्पती घेऊन आला.

"मीच आणली," तो म्हणाला. "आता खोटं कशाला बोलू? पण मॅडम, पाणी गेलं तर गाव उठल."

मॅडम रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या नुसत्या खाली बसल्या आणि एका रोपाभोवतीची माती त्यांनी हाताने सारखी केली.

"हा डोंगर फुटावा असं मलाही वाटत नाही, काका. पण लावलेलं झाड मला अहवालात लिहिता येणार नाही. इथलं स्वतःचं, आपोआप उगवलेलं काहीतरी वेगळं हवं."

धर्माजीने चहूकडे नजर फिरवली. काळा कातळ होता आणि ओळीत उभी सोनकी. दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. दोघं डोंगर उतरले.

घरी धर्माजीच्या बायकोने, सगुणाने, पानं वाढून ठेवली होती. "एवढ्या लांबून आलात, उपाशी धाडायची रीत न्हाय आमच्यात," म्हणत तिने मॅडमना पाटावर बसवलंच. धर्माजीने भाकरी नुसती कुस्करून ठेवली. अख्ख्या गावाला आपण नादी लावलं, आणि आता गावाला तोंड कसं दाखवायचं, या विचाराने तो खचून गेला होता. मॅडमनी मात्र तांदळाच्या भाकरीबरोबर रानभाजी पुन्हा मागून घेतली. "फोडशी ना ही? पण नेहमीपेक्षा गोड लागतेय," त्या म्हणाल्या. सगुणा खूश झाली.

हात धुवायला मॅडम परसात गेल्या. मोरीच्या कडेला भाजी निवडलेला कचरा पडला होता. त्या हात धुवायच्या विसरल्या, तिथंच उकिडव्या बसल्या आणि खिशातलं भिंग काढून एक पांढरं फूल उलटसुलट बघत राहिल्या. धर्माजी पाण्याचा तांब्या घेऊन ताटकळला.

"काका, फोडशीच्या जाती शोधत मी सगळा सह्याद्री पालथा घातलाय. देठाला अशी तांबडी लव असलेली मी कुठंच पाहिली नाही. कुणीच पाहिली नसावी."

"ही? ही आमची बुटकी फोडशी. सड्यावर त्याच खळग्यात येते. दुसऱ्या डोंगरावर न्हाय मिळत."

मॅडम ताडकन उठल्या. "तर मग खाण विसरा. हिच्यासाठी डोंगर राखावाच लागेल. चला, परत वर जाऊ. आपोआप उगवलेलं, जमिनीत उभं असलेलं एक रोप दाखवा मला. एक पुरे."

धर्माजीच्या जिवात जीव आला. सगुणा पदराला हात पुसत बाहेर आली तसं त्याने तिला विचारलं, "बुटकी फोडशी आता सड्यावर कुठल्या अंगाला दिसल गो?"

"आता कुठली दिसायला? तुम्ही घाटावर गेलात तवा आम्ही बायकांनी तुमच्या फुलांसाठी जागा साफ केली न्हाय का? तण उपटून बेणणी करतात तशी, गड्ड्यासकट. एक काडी ठेवली न्हाय. तवापासून गावात घरोघरी तीच शिजतेय." मग मॅडमकडे वळून ती मायेने म्हणाली, "शेवटची जुडी तेवढी तुमच्यासाठी राखून ठेवली होती."