चष्म्याबाहेरचा मासा

मालवणच्या समुद्रातल्या खडपावरचं प्रवाळ मरून अकरा वर्षं झाली, तरी पाहुण्यांच्या चष्म्यात रंगीत मासे रोज पोहत. तो संगणकी चष्मा खालचा करडा खडक झाकून जुन्या समुद्राचं चित्र दाखवी. गुणाबाय तांडेल मात्र कालवं काढायची साधी काच डोळ्यांना लावूनच बुडी मारी.

आज ती पाण्यातून वर आली ती ओरडतच. "सरिता, नांगर टाकू नको गो!"

"आई, जागा नेहमीचीच ना? पाहुणे खोळंबलेत," सून होडीतून म्हणाली.

"खाली वीतभर प्रवाळ जितं झालंय. पोपटमासा चरतोय तिथे."

सरिताने चष्मा लावून वाकून पाहिलं. "एक कसला? पन्नास आहेत."

"मेले नुसते नाचतात. त्यातल्या एकाला तरी भूक लागते काय? माझा खातोय."

सरिताने सासूची काच घेतली आणि तोंड पाण्यात घातलं. खडक करडाच होता. त्यावर जित्या प्रवाळाचा वीतभर हिरवा ठिपका, आणि एक मासा दगड कुरतडत होता. त्याची करकर कानात येत होती.

तिने नांगर होडीत परत ठेवला. "ही जागा आजपासून बंद."

"मग आम्ही बघायचं काय?" एक पाहुणा चिडला.

"चष्मा लावा नि माझ्या विहिरीत उतरा," गुणाबाय म्हणाली. "हेच मासे तिथेही दिसतील."