पायथ्याचा पट्टा

फलकावर त्याचं नाव सर्वांत वर लागलं, तेव्हा त्याने मान खाली घातली. बघणाऱ्यांना वाटलं, दम लागलाय. खरं म्हणजे त्याला चौथं नाव बघायचं नव्हतं. ते दादाचं होतं.

शंभर मीटर संपले तरी चाकं लगेच थांबत नाहीत. अंतिम फेरीतल्या सगळ्या चाकखुर्च्या, शर्यतीच्या, लांब नाकाच्या आणि तीन चाकांच्या, पुढच्या वळणावर शिरल्या होत्या. दादा शेजारच्याच लेनमध्ये होता. दादा नात्याने कुणी नव्हता, पण दोघं एका देशाचे, एकाच खोलीत उतरलेले. ही दादाची शेवटची शर्यत. "माझे खांदे निवृत्त होतायत," तो सगळ्यांना सांगत होता, "त्यांना एकटं कसं पाठवू? मीही जातो."

शर्यत पोटापाठीच्या स्नायूंतही ताकद नसलेल्यांची होती. असा माणूस एकदा कलला की हाताचा आधार घेतल्याशिवाय सरळ होत नाही. दादा तसा होता. तो स्वतः मात्र तसा नव्हता. त्याचे फक्त पाय गेले होते, पोट शाबूत होतं. पण पोट शाबूत असलेल्यांच्या गटात तो कधी अंतिम फेरी गाठू शकला नव्हता. शेवटी वाट काढली ती त्याला शिकवणाऱ्या सख्ख्या मामानेच. पायांचं दुखणं वर पोटापर्यंत चढलंय म्हणायचं, मामा म्हणाला, आणि पोटाची गोष्ट पोटातच ठेवायची. गट ठरवायच्या तपासणीत, बाकावर बसवून, डॉक्टरीणबाईंनी त्याला हात छातीशी घ्यायला लावले आणि हलकेच एका बाजूला कलवलं. तो पोत्यासारखा कोसळला. बाईंनी त्याला सावरलं, आणि वर माफीही त्यांनीच मागितली.

खोलीतलं नाटक त्याहून अवघड होतं. दादाच्या पलंगाच्या पायथ्याला एक कापडी पट्टा बांधलेला असे. सकाळी तो ओढत ओढतच दादा उठून बसे. आल्या दिवशीच त्याने आपल्या बॅगेतला जास्तीचा पट्टा काढून याच्या पलंगाला बांधून दिला होता. "घे, नवरदेवा, तुझीही सोय," तो म्हणाला होता. तयार व्हायला वेळ लागतो म्हणून हे नाव. तेव्हापासून रोज सकाळी नवरदेव पट्टा हातात धरून, थोडं कण्हून, उठून बसत. दादा पलीकडून हसे. त्या हसण्यानंतरचा चहा त्याला कधी गोड लागला नाही.

वळणावर कुणीतरी बाहेरून आत घुसलं. चाकाला चाक घासलं. खुर्च्या एव्हाना मंदावल्या होत्या, तरी दादाची खुर्ची एका बाजूने उचलली गेली आणि याच्याकडे कलंडू लागली. खाली येणारा खांदा उजवा होता. दुखरा.

त्याने विचार केला नाही. केला असता तर हात पुढे गेलेच नसते. शर्यतीचे हातमोजे दगडासारखे कडक असतात, त्यांनी काही पकडता येत नाही. म्हणून तो कमरेतून वाकला आणि दोन्ही हात त्याने दादाच्या काखेखाली घातले. खुर्च्या थांबल्या. दादा अधांतरी, आणि तो दादावर ओणवा.

मग त्याला कळलं, आपण कुठे येऊन अडकलोय. टेकायला एकही हात मोकळा नव्हता. ज्याचं पोट चालत नाही, तो माणूस इथून वर येऊच शकत नाही. मोठ्या पडद्यावर ते दोघंच दिसत होते. कठड्याशी डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांच्यामागून मामा हाताने खुणावत होता, सोड, सोड.

दादाचं तोंड त्याच्या कानाशी होतं.

"सोड मला," दादा हळूच म्हणाला. "पडू दे. सगळे बघतायत."

त्याला वाटलं, दादाला आधार घ्यायची लाज वाटतेय. इथे लाजेची रास आपल्यापाशी पडलेली असताना ती दादाने का उचलावी? त्याने पोट आवळलं. तपासणीच्या बाकावर मेलेलं ते पोट दादासकट वर आलं. दादाची खुर्ची तिन्ही चाकांवर टेकली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. डॉक्टरीणबाईंनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत.

कुणीतरी झेंडा घेऊन पळत आलं. त्याने तो घेतला नाही.

"दादा," तो म्हणाला. "माझं पोट चालतं. पहिल्यापासून चालतं. तिसरं पदक तुझं आहे. मी जाऊन सांगतो त्यांना."

आता दादा शिव्या देईल, असं त्याला वाटलं. त्या खायला तो तयार होता. दादाने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि खांदा चोळत राहिला.

"तुझ्या पट्ट्याची गाठ पहिल्या दिवशी माझ्याकडून सैलच राहिली होती," तो म्हणाला. "कुणी खरंच जोर लावला असता तर पट्टा हातात आला असता. रोज सकाळी वाट बघायचो, आज तरी सुटेल म्हणून."