गुडघा खाली, टोक वर

इस्पितळाच्या कॉम्प्युटरवर बाहेरचा एकही प्रोग्रॅम चढवता येणार नाही, असं कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनी तिसऱ्यांदा बजावलं आणि कीबोर्डवर तळहात पालथा ठेवला, जणू तो कुणी पळवून नेणार होतं. चूक त्यांचीही नव्हती. साऱ्या पेशंटांच्या फायली त्याच मशीनवर होत्या.

समोर शाळेतल्या बाई बसल्या होत्या. नवा कृत्रिम पाय काढून भिंतीला टेकवलेला. उरलेला पाय ज्या सॉकेटमध्ये बसतो ते एका बाजूने हाडाला टोचत होतं, गुडघ्याखाली लालभडक वळ उठला होता. सोमवारी शाळा उघडणार होती. सॉकेटचा आकार आजच सुधारून दीडशे किलोमीटरवरच्या कारखान्याला गेला नाही, तर बाईंना वर्गात कुबड्या घेऊनच जावं लागणार होतं.

पाय बनवणारे कारागीर नुसते चुळबुळत होते. त्यांना सगळे कारागीरच म्हणत, डॉक्टरसुद्धा, आणि हे बिरूद ते छाती काढून मिरवत. त्यांची मुलगी मात्र शांत होती.

"काही चढवायचंच नाहीये," ती साहेबांना म्हणाली. "फक्त ब्राउझर उघडा."

सॉकेटचा आकार सुधारायचा कारखान्यातला अवजड प्रोग्रॅम ब्राउझरमध्ये चालावा म्हणून दोन वर्षं ती तो नव्याने लिहीत होती. कारागिरांना त्यात काही राम वाटला नव्हता. ज्या कामात हाताला प्लास्टर लागत नाही ते काम कसलं, असं ते तिला येता-जाता ऐकवत.

पान उघडलं. त्याने एकच फाइल मागितली, बाईंच्या पायाची. साहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. खुर्ची ओढून त्यांनी त्याच प्रोग्रॅममधून इतर पेशंटांच्या फायलींपर्यंत पोचायची खटपट केली. सरळ वाटेने करून पाहिली, आडवाटेनेही. डाळ काही शिजेना. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तर आपण साखर देतो, कपाटाच्या किल्ल्या देत नाही, एवढंच मुलीने समजावलं. साहेब खुर्चीवरून उठले.

मग पडद्यावर बाईंचा उरलेला पाय उमटला, आणि साहेबांना एकदाची चूक सापडली.

"चित्र उलटं आलंय," ते म्हणाले. गुडघा खाली होता, टोक वर.

कारागीर बघतच राहिले. पायाचा प्लास्टरचा साचा टेबलाच्या पकडीत आवळतात तो असाच, टोक वर करून. तीस वर्षं त्यांनी पाय असाच पाहिला होता, असाच तासला होता. कंपन्यांचे नवेकोरे प्रोग्रॅम पाय सरळ दाखवत आणि त्यांचा हात अडखळे, म्हणून त्यांनी ते एकेक करून परत पाठवले होते. खरं कारण मात्र लाजेपोटी कुणाला सांगितलं नव्हतं, पोरीलाही नाही. तिचं तिनेच पाहून ठेवलं होतं.

"उलटं नाही साहेब," ते म्हणाले. "बरोबर आहे."

मग ते माउस धरून बसले आणि हात आपसूक चालू लागला. हाडाला टोचत होतं तिथे आकार दोन मिलिमीटर फुगवला, मागून थोडा आवळला, उठून बाईंचा गुडघा चाचपून खात्री केली, आणि फाइल पाठवून दिली. पाच मिनिटांत कारखान्यातून फोन आला. यंत्राने साचा कोरायला घेतला होता.

"सोमवारी फळ्यासमोर उभी राहीन ना मी?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही पायांवर," कारागीर म्हणाले.

साहेबांनी पान बंद केलं, मशीनचा कानाकोपरा धुंडाळला. मागे काहीही राहिलं नव्हतं. नियम तो नियम, म्हणून त्यांनी नोंदवही काढली आणि प्रोग्रॅम कुठल्या कंपनीचा, असं विचारलं. कारागिरांनी मुलीचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, अगदी सावकाश. अभिमानाने आपला आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत पोचतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"हुद्दा?" साहेबांनी लिहिता लिहिता विचारलं.

मुलगी तोंड उघडणार, त्याआधीच कारागीर बोलले.

"लिहा, कारागीर."