उजवा कौल

देवीची डावी बाजू कोणती, हेच अनिलला गाभाऱ्यात उभं राहून सुचेना. आपली डावी की तिची? तिचीच असणार. कौल ती देते, आपण नाही.

त्याने खिशातून काडी काढली. काडीला फणसाचा चीक गुंडाळलेला होता. देवीच्या डाव्या खांद्यावर त्याने तो बोटाने फासला, पातळ, दिसणार नाही असा. बाहेर विहिरीवर रहाट करकरत होता. भागोजी गुरव पाणी काढत होता तोवरच काय तो वेळ. रहाट थांबला तशी अनिलने काडी खिशात कोंबली. तो उंबरा ओलांडून सभामंडपात आला.

या माणसाने आजवर लबाडी केली नव्हती, हे खरं. हापूसच्या पेटीत बाहेरचा आंबा खपवणारे आसपास कमी नाहीत, पण अनिलच्या पेटीत तसं एक फळ कोणाला सापडलं नसतं. मग आजच ही अवदसा कुठून आठवली? तर कारखान्यापायी. आंब्याच्या रसाचा कारखाना. आठ वर्षं तो त्याच्या डोक्यात होता. मशिनं ठरली होती, मंजुरी आली होती. अडलं होतं ते जागेपाशी.

जागा गावावरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, आईच्या नावे. आणि शिमग्यात देवीची पालखी नेमकी तिथेच टेकते.

मागच्या शनिवारी त्याने जागेचे कागद सहीसाठी आईपुढे ठेवले. गोदूबाईंनी ते हातात घेतले, उलटसुलट केले आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवले.

"मंगळवारी मला देवीला कौल लावायचाय," त्या म्हणाल्या. "येशील ना बरोबर?"

"आणि देवीने नाही म्हटलं तर?"

"कौल म्हणजे कौल. मग कोणी काय सांगो, मी ऐकायची नाय."

हे ऐकल्यापासून अनिलची झोप उडाली. पुढे ढकलायचीही सोय नव्हती. गुरुवारी आईचं मुंबईला ऑपरेशन होतं. हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, आता एक महिनाही थांबू नका. धाकट्या भावाने, विनोदने, तिथे सगळी तयारी केली होती. ऑपरेशननंतर आई महिनोन्‌महिने अंथरुणात राहणार, तिला सहीचं कुठून विचारायचं? सही व्हायची तर त्याआधीच. असा हिशेब मनात आला तेव्हा अनिलला स्वतःचीच लाज वाटली. पण हिशेब काही मनातून गेला नाही.

गोदूबाई आल्या. देवळाच्या सात पायऱ्या चढताना दोनदा थांबल्या, छातीवर हात ठेवून.

"आई, सावकाश."

"सावकाशच चाललेय. तुझा चेहरा का असा उतरलाय? घाबरलास?"

"छे!"

भागोजीने देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लहान पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट.

"गाऱ्हाण्यात काय सांगू, गोदूबाय?"

"माझ्या मनात हाय ते तिला ठाऊक हाय."

भागोजीने आवाज चढवला. "बाय माझे, ह्या तुझ्या लेकराच्या मनात जी काय गोष्ट असेल, ती तिच्या मनासारखी होणार असेल तर उजवा दे! होय महाराजा!"

"होय महाराजा," अनिल म्हणाला.

भागोजीने हात काढला आणि उजवी कळी टपकन खाली पडली. वाट बघावीच लागली नाही. गोदूबाईंनी डोळे मिटून कपाळ जमिनीला टेकवलं. अनिलला आनंद व्हायला हवा होता. तो मात्र डाव्या कळीकडेच बघत होता.

भागोजी डावी कळी काढायला गेला. ती निघेना. त्याने नखाने उचकटली, बोटं एकमेकांवर चोळली आणि वळून अनिलकडे पाहिलं.

"आज डावी लई घट्ट धरून ठेवलीन देवीनं," तो म्हणाला. बस्स, एवढंच.

घरी येईपर्यंत अनिलच्या डोक्यात एकच घोळत होतं. देवीशी खेळलो. आता कारखाना जळेल, पोरंबाळं आजारी पडतील, काय होईल ते थोडंच. वाटेत एक कुत्रं आडवं गेलं तरी तो दचकला.

गोदूबाई मात्र मजेत होत्या. ओटीवर बसल्या आणि त्यांनी त्याचा हात पकडला.

"फणस कापलास वाटतं? बोटं बघ कशी झालीत. मथुरा, खोबरेल आण गो!"

मथुराने, त्याच्या बायकोने, वाटी आणून ठेवली. आई त्याच्या बोटांवरचा चीक तेलाने हळूहळू सोडवू लागली. अनिलला राहवेना.

"आई, मग सही कधी करतेस?"

"सही? ती शनिवारीच केली. मथुराच्या समोर. कागद देव्हाऱ्यात हायत, घे जा. लेकानं कष्टानं कारखाना काढायचा, त्यात देवीला काय इचारायचं? पालखी टेकायला कोपरा सोड म्हणजे झालं."

अनिलने हात सोडवून घेतला. "मग आजचा कौल?"

"मथुरा, विनोदला फोन लाव," गोदूबाई आत बघून म्हणाल्या. "म्हणावं, गुरुवारचं रद्द कर." मग त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "छाती फाडून घ्यायची लई भीती वाटत होती रे. देवीला म्हटलं, ऑपरेशन नको असेल तर उजवा दे. भागोजीनं हात काढला न काढला, तोच दिलान बघ!"