ओ

चिमणीला हाक मारली की ओ द्यायला वेळ लागायचा. प्रयोगशाळेतल्या ताईने तिच्या आईला समजावलं होतं, "काकू, ऐकू येतं हो तिला. पण मेंदूतल्या तारांवर आवरण चढवणाऱ्या पेशीच कामचुकार निघाल्या, म्हणून निरोप रमतगमत जातो." तेव्हापासून आई हाक मारून बोटं मोजायची. नवाला हमखास ओ यायची.

सातव्या वर्षी चिमणी गेली. आईने तिचा मेंदू ताईच्याच संशोधनाला दिला.

आज आई तो बघायचाच म्हणून हटून बसली, तेव्हा ताईने त्याच्या एका पातळ कापाची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आई डोळा लावून काहीतरी पुटपुटली आणि जागची हलेचना. शेवटी ताईने दिवा बंद करायला हात पुढे केला.



"थांब गं, आत्ताच हाक मारलीय. नऊ तरी होऊ देत."