रामलिंगचा बंदोबस्त

रामलिंगनं लेकीचा मोबाईल काढून घेतला आणि धान्याच्या कोठीत टाकून कुलूप लावलं. एवढ्यावरही त्याचं भागेना. मुरुडला एका संस्थेच्या बाई पोरापोरींचा एक गट चालवायच्या, तिथं जाणंही त्यानं शिल्पाचं बंद केलं.

आधी ह्याच गटाचं त्याला कोण कौतुक! सोळा वर्षांची पोर ग्रामसभेत उभी राहून बोलली, शाळेपुढचा बंद नळ चालू करून घेतला, तेव्हा बापाची छाती फुगली होती. पण मग गटानं चौकात बालविवाहावर नाटक केलं. त्यात शिल्पा नवरीच्या बापाला जाब विचारताना दिसली, आणि रामलिंगच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. पोरगी हाताबाहेर जायच्या आत उजवलेली बरी. त्यानं भोकरकडचं स्थळ पक्कं केलं.

मुलगा श्रीशैल, तेवीस वर्षांचा. बघायला आला तेव्हा सगळी बोलणी त्याच्या बापानंच केली. पोरानं शिल्पाला कितवीत आहेस एवढंच विचारलं, ती अकरावीत म्हणाली, आणि तो खाली मान घालून बसला. असा गरीब जावई मिळायला नशीब लागतं बाबा, असं रामलिंग मनाशी म्हणाला.

आता धास्ती एकच होती. कुणी अधिकाऱ्यांना फोन केला तर? शेजारच्या गावातून असंच भरल्या मांडवातून वऱ्हाड माघारी गेलं होतं. त्यात शिल्पाची मैत्रीण तनुजा विरजण मागायच्या निमित्तानं दोनदा येऊन गेली. विरजण कसलं, पोरगी वास काढायला येत होती, हे न कळायला रामलिंग काय दूधखुळा होता? त्यानं तिला अंगणातूनच वाटेला लावलं.

मग त्यानं ताकही फुंकून प्यायचं ठरवलं. पत्रिका नाही, वाजंत्री नाही, गावात मांडवच नाही. अहमदपूरजवळ शेतातल्या महादेवाच्या देवळात अक्षता टाकायच्या. मावशीकडं जायचंय असं सांगून शिल्पाला गाडीत बसवलं. जागा ठाऊक होती ती त्याला आणि त्याच्या बायकोला, गुणाबाईला. सोयऱ्यांना सांगणं तर भागच होतं.

देवळात हळद लागली. शिल्पा रडली नाही. ती दाराकडं बघत बसली आणि रामलिंग तिच्यावर डोळा ठेवून. लग्न लावायला आलेल्या स्वामींनी अक्षता वाटायला घेतल्या, तेवढ्यात पोलिसांची जीप आली. सोबत तालुक्याच्या अधिकारी बाई. मुलगी अठराची झाल्याशिवाय लग्न होणार नाही, असं बाईंनी सगळ्यांदेखत बजावलं आणि शिल्पाला जवळ घेतलं. तेव्हा कुठं पोरीला रडू फुटलं.

रामलिंगचं डोकं फिरलं. पोरीकडं मोबाईल नाही, तनुजाला जागा माहीत नाही. मग राहिलं कोण? त्यानं गुणाबाईचं मनगट धरलं.

"घरभेदी हायेस तू."

"देवाशपथ, म्या न्हाई सांगितलं," ती म्हणाली. त्याला काही ते पटलं नाही.

सोयऱ्यांपुढं नाक कापलं गेलं होतं. तो श्रीशैलजवळ गेला, हात जोडले आणि म्हणाला, या बायकोनं माझी अब्रू घालवली, हिला मी आता घरात घेत नाही.

श्रीशैलनं बाशिंग सोडून बाजूला ठेवलं.

"मामींना काही बोलू नका, मामा. आमच्या गावातल्या पोरांचा गट मीच चालवतो. फोन मी केलता."