शेवटची लढाई तुझी

लोखंड्याच्या दणक्यानं कल्याणचा हिरो पुन्हा मेला. कल्याणनं रिमोट सोफ्यावर आपटला.

"हा गेमच बोगस हाय."

टेंभुर्णीतल्या त्याच्या बापाच्या कृषी सेवा केंद्राच्या मागच्या खोलीत सकाळपासून गेममधलं शहर वाचवणं चाललं होतं. भिंतभर टीव्ही, एसी, एक सोफा. सोफ्यावर कल्याण आणि मोबाईलचा कॅमेरा रोखून बसलेला त्याचा दोस्त राधेश्याम. सुमित बाजूला, खताच्या गोणीवर. सोफ्यावर तिसऱ्याला जागा होती. पण बस म्हणून कोणी म्हणालं नव्हतं, आणि उन्हाळ्यापासून बसून बसून सुमितनं ती गोणी आपल्या मापाची करून घेतली होती.

गेम बोगस नव्हता. त्यातला हिरो टॉवरवरून उडी टाकायचा तेव्हा सुमित गोणीवरून खरंच अर्धा उठायचा. अख्खं शहर मोकळं. पाहिजे तिकडं उडा, पाहिजे त्या छतावर उतरा. कुणाचा रे तू, इकडं कशाला आलास, असं विचारणारं कोणी नाही. असं शहर त्यानं दुसरीकडं कुठं पाहिलं नव्हतं. खोट होती ती वेगळीच. त्या शहरातलं एकही दार उघडायचं नाही. घरं नुसती रंगवलेली. रस्त्यावरची माणसं फिरून फिरून त्याच चार चेहऱ्यांची. आणि मधली कामं म्हणजे निव्वळ वेठबिगारी. चोर पकड, मोडक्या यंत्राचे तुकडे वेच, पुन्हा चोर पकड. ती केल्याशिवाय हिरोची ताकद वाढत नाही, आणि ताकद वाढल्याशिवाय लोखंड्या, म्हणजे ह्या गेमचा शेवटचा राक्षस, समोर उभं राहू देत नाही.

कल्याणला ह्या कामांचा कंटाळा. ती सुमितनं केली. जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या कामाला सुट्टी असली की तो इथं येऊन तुकडे वेचायचा. मोठी मारामारी आली की कल्याण रिमोट मागून घ्यायचा. "सगळं साफ करून दे, शेवटची लढाई तुझी," कल्याणनं आधीच सांगितलं होतं. त्या एका शब्दावर सुमितनं अख्खं शहर झाडून काढलं. त्याच्या बापानं, पुंजारामनं, ह्याच घरी सालगडी म्हणून उमर घातली. त्यालाही इथं शब्द मिळाले होते. तो आता त्यांची आठवणसुद्धा काढत नाही.

आज लोखंड्या समोर आला तेव्हा रिमोट सुमितच्या हातात होता.

"आण इकडं," कल्याण म्हणाला. "राधेश्याम व्हिडिओ काढून राह्यला. तालुक्यात हा गेम कोणीच संपवला न्हाई अजून."

"शेवटची माझी ठरली होती."

"तुझी-माझी काय करून राह्यला? आपलं काय वेगळं हाय का?"

रिमोट कल्याणकडं गेला, आणि तेव्हापासून तो मरत होता.

"सुमित्या," तो आता जरा गोडीनं म्हणाला, "तू लोळव त्याला. पार गुडघ्यावर आण. शेवटचा फटका तेवढा मी मारतो."

"आणि व्हिडिओ?"

"व्हिडिओत हात दिसत न्हाईत," राधेश्याम म्हणाला. "पडदाच दिसतो."

सुमितनं रिमोट घेतला. उन्हाळाभर चोरांमागं पळून पळून त्याची बोटं तयार झाली होती. लोखंड्या हात उचलायचा, हिरो बाजूला झालेला असायचा. एकेक घाव घालत सुमितनं त्याला चौकात आणलं. लोखंड्या गुडघ्यावर आला.

"बास," कल्याणनं हात पुढं केला. "दे."

सुमितनं बटण दाबलं.

लोखंड्या आडवा झाला. कल्याणचा हात तसाच पुढं राहिला. पडद्यावर मात्र काहीतरी होत होतं. शहरातली दारं उघडत होती. माणसं बाहेर येत होती. एका उघड्या दारातून आतलं टेबल दिसलं, टेबलावर वाढलेलं ताट दिसलं. सुमितनं हिरोला तिकडं वळवलं. उंबऱ्यावर पाय पडणार, एवढ्यात कल्याणनं रिमोट ओढून घेतला.

"डिलीट मार ते," तो राधेश्यामला म्हणाला. राधेश्यामनं व्हिडिओ पुसला. कल्याणनं गेम मागं नेला आणि लढाईच्या आधीचा सेव्ह उघडला. लोखंड्या पुन्हा ताठ उभा. अंगावर ओरखडा नाही. मागं सगळ्या रस्त्याची दारं बंद.

"काहीच झालं न्हाई," कल्याण शांतपणे म्हणाला आणि रिमोट पुढं केला. "आण परत गुडघ्यावर. ह्या टायमाला बराबर थांब."

"तुझी लढाई हाय. तूच आण."

"तुझ्या बापानं इथं सालं घातली, सुमित्या. एकदा उलटून बोलला न्हाई."

"म्हणून तर मी गोणीवर बसलो," सुमित म्हणाला आणि उठला.

त्यानं दार ढकललं, बाहेर काढून ठेवलेल्या चपला पायात सरकवल्या. मागं लोखंड्याचा दणका ऐकू आला, मग कल्याणची शिवी.

"ए, दार लावून जा. गार हवा जाऊन राह्यली."

दार आपोआप मिटणारं होतं. सुमित परत आत आला. त्यानं ती खताची गोणी ओढत आणली, दार उघडंच राहील अशी टेकवली आणि चालू लागला.